काउंटरखालचं वेटोळं

३१ मे

झालं! खणायला घेतलंच नवऱ्याने. माझीच अट माझ्या अंगाशी आली. मी म्हटलं होतं, दारूचं पिंप माझ्या घरात येणार नाही. वाटलं, बेत बारगळेल. तर सुनील म्हणतो, "बरं. पिंप वरच्या रिकाम्या गोठ्यात, नळ पडवीत. मधे नळी."

उभं आयुष्य याने मुंबईच्या हॉटेलात लोकांना बिअर ओतून दिली. आता गटारीला जुने मित्र बोलवायचे आणि घरच्या नळाची पाजायची – एवढीच हौस. परवाना काढला, गोठ्यात थंड खोली केली. ते सगळं ठीक. पण घराच्या वर, उतारावर चर? तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून मला उतारावर कुदळीचा आवाज सहन होत नाही. सांगितलं तर हसला. "वीतभर चर आहे गं. तेवढ्याने डोंगर येतो का खाली?"

३ जून

खालच्या घरातल्या ठकूबाई अंगणात येऊन ऐकवून गेल्या. "म्हशीच्या गोठ्यात दारू! आन् बाई, तू शाळेत पोरांना शिकवतेस ना गो?"



९ जून

नळी पडली. जाड पाइपातून सैल सोडलेली बारीक नळी, गोठ्यापासून थेट पडवीतल्या काउंटरपर्यंत. काउंटरखाली एक मोठं वेटोळं मुद्दाम राखलंय – पुढेमागे कापायला लागली तर. भाकरीच्या टोपलीएवढं आहे. मी त्यावर ओट्याचं फडकं वाळत घालते.

पहिला ग्लास झकास आला म्हणे. मी काही चाखली नाही. पण त्याचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

३० जून

पाऊस हटत नाही. स्वयंपाकघराचं दार घासतंय. पावसात लाकूड फुगतंच, सगळ्यांकडे फुगतं. तरी माझी नजर सारखी चौकटीकडे जाते. जीव थाऱ्यावर नाही.

८ जुलै

फेस! ग्लासभर नुसता फेस. सुनीलच्या गोठा-पडवी, गोठा-पडवी अशा खेपा चालल्यात. पिंपाचा गॅस कमी केला, थंडावा वाढवला, नळी धुतली. फेसच. शेवटी काउंटरखाली वाकून बघितलं तर वेटोळं आवळून बांगडीएवढं झालेलं आणि नळी मुरगळलेली.

"फडकं ओढतेस ना तू, म्हणून!"

मी ओढलं म्हणे! चांगलंच वाजलं आमचं. मग त्याने नवा तुकडा जोडला, वेटोळं परत टोपलीएवढं केलं आणि मला ताकीद दिली – हात लावायचा नाही. नाही लावत. फडकं आता खिडकीत.

१५ जुलै

परत फेस.

१६ जुलै



सकाळी तो काउंटरखाली बसून होता. "हात लावलास?"

"शप्पथ नाही. तू?"

"नाही."

वेटोळं परत बांगडीएवढं! नळी इकडे नळाला घट्ट, तिकडे पिंपाला घट्ट. मग मधली गेली कुठे? त्याने नळी चिमटीत धरून ओढून बघितली. मग हळूच म्हणाला, "सोनाली, नळी कुठे जात नाही. घर गोठ्यापासून लांब चाललंय."

तसाच भिजत वर पळाला, मागे मी. गोठ्याच्या खालच्या अंगाला गवत बाजूला केलं तर भेग. वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. आणि माझं दार! ते फुगलं नव्हतंच, चौकट तिरकी झाली होती.

"आपल्या चरामुळे का गं?" त्याने विचारलं. मला माहीत नाही. कोणाला विचारायचं तेही कळत नाही.

एवढे दिवस मी जीव तोडून सांगत होते. माझं नाही ऐकलं, नळीचं ऐकलं! पण रागवायचंही त्राण नव्हतं. 

१७ जुलै

वाडीला सांगितलं तर हशा. "सुनीलची बिअर फसफसली म्हनून आमी घरं सोडायची?" त्याने एकेकाला वर नेऊन भेग दाखवली. खाली येताना कोणी हसत नव्हतं. तलाठ्यांना फोन केला. शाळा ओढ्यापलीकडे, सपाटीवर, आणि किल्ली माझ्याकडेच. दुपारपर्यंत सगळी शाळेत.

ठकूबाई सोडून. "दारूच्या नळीचा शबूद मी मानायची नाय!"

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसकण मारली. म्हटलं, तुम्ही उठाल तेव्हा मी उठेन. वरून गढूळ पाणी अंगणात यायला लागलं होतं. इतकी मी कधीच घाबरले नव्हते. सारखं वाटत होतं, उठावं आणि पळत सुटावं.

"जा गो! माझ्यापायी मरतेस काय?"

नाही उठले. शेवटी कोंबड्यांचं खुराडं माझ्या डोक्यावर दिलं आणि शिव्या घालत पुढे झाल्या.

२० जुलै

लख्ख ऊन. सकाळपासून कुरकुर – उगाच आणलं, गुरांचे हाल, भात लावायचं राहिलंय. दोघंतिघं तर घरी जाऊन चूल पेटवून आले! मित्रांना गटारीला येऊ नका म्हणून कळवलं. सुनील कोणाच्या नजरेला नजर देत नाही. मला हळूच म्हणाला, "आपलं चुकलं तर?"

चुकू दे. देवा, आमचं चुकू दे.

२२ जुलै

दुपारी आला डोंगर. गोठा वर तसाच उभा आहे. त्याच्याखाली वाडी नाही.

मी हजेरी घेतली. घराघरातलं एकेक नाव पुकारलं. सगळे हजर.

सुनील भिंतीकडे तोंड करून रडत होता. ठकूबाई जाऊन त्याच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "नव्या जागी पन ती नळी टाक रे. आन् माझ्या घरातनं ने."