वकीलसाहेबांची केस

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण मी काही त्यांना दाद देत नाही. धाकटीची परीक्षा कशी गेली?

आता मुख्य बातमी. गेल्या आठवड्यात तुमच्या दादांनी भल्याभल्यांना गप्प केलं!

मेंदूला इजा होऊन कायमचं अपंगत्व आलेल्यांसाठीच्या संशोधनाला सरकार पैसा देतं. त्या समितीवर ह्यांना रुग्णांच्या वतीने घेतलंय, हे मी फोनवर सांगितलं होतं. सगळा निधी अपघातानंतर लगेच द्यायच्या औषधांच्या संशोधनावर खर्च करायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात हे उठले. अपघात झाल्यापासून नऊ वर्षं कोर्टात गेले नाहीत, पण काळा कोट घालून आले होते! एकेका शब्दाला किती वेळ लागतो, तुम्ही जाणताच. मी सोबतीला शेजारीच बसले होते. लोक माझ्याकडे बघायला लागले, की आता बाई पुढचं बोलतील. मी तोंडाला कुलूप घातलं.

"जीव... वाचवलात," हे म्हणाले. "उपकार झाले. मग घरी... पाठवलंत. पुढे? बोलायला... कोण शिकवणार?"

शेवटी मतदान झालं आणि अर्धा निधी गेलेली वाचा परत आणण्याच्या संशोधनाला मिळाला. वन्सं, मला तर आभाळ ठेंगणं झालं!

तुम्ही आता काय विचारणार, ते ठाऊक आहे मला. पत्र लिहायला उशीर झाला तो त्यामुळेच.

दादांना त्या संशोधनात घेणार नाहीत. अपघाताला दोन वर्षं व्हायच्या आतलेच रुग्ण हवेत. तेव्हा मेंदू लवकर शिकतो म्हणे. ही अट मतदानाआधीच वाचून दाखवली होती. अध्यक्षबाईंनी हलकेच विचारलंही, "वकीलसाहेब, यात तुम्हाला जागा नाही. लक्षात आलंय ना?"

"बाई, जीभ... अडते माझी. डोकं... नाही," हे म्हणाले, आणि सगळ्यात आधी ह्यांचाच हात वर गेला.

परतताना बसमध्ये मला रडू फुटलं, तर मलाच दटावलं, "केस... जिंकल्यावर... कोणी रडतं?"

तेव्हा फोन कराल तेव्हा हळहळू नका. आधी अभिनंदन करा. आणि त्यांचं बोलून होईस्तोवर मध्ये शब्द पुरवू नका. शोधू द्या त्यांचा त्यांना.

मान ताठ ठेवून,
तुमची वहिनी