रांगोळीखालचे डाग

हिंगोली, मंगळवार, दिवेलागण

अंगठ्यात अजून सलतंय. केसाएवढी लोखंडी तार होती ती. घरासमोरच्या सिमेंटच्या फुटपाथवर, एका तांबूस डागाच्या बरोबर मधोमध रुतलेली. हात फिरवला आणि टोचली. आत येऊन आईचा तारेचा ब्रश बघितला, तर अर्ध्या तारा तुटलेल्या. कुठं गेल्या, हे कुणाला विचारायची गरजच उरली नाही.

वर्षभर या डागांसाठी आम्ही बोअरच्या पाण्याला दोष दिला, शेजाऱ्यांच्या गंजक्या गेटवर खापर फोडलं. आणि आई रोज पहाटे सडा टाकायच्या आधी गुडघे टेकून त्याच ब्रशनं घासत बसायची. डागावर रांगोळी उठत नाही म्हणे. तुटून रुतलेल्या तारा सड्याच्या पाण्यानं गंजायच्या, आणि थोड्या दिवसांनी घासलेल्या जागी नवे डाग. मग रांगोळी हातभर पुढं. अशी सरकत सरकत पार आमच्या फाटकाशी आली, डाग तिच्या मागोमाग. मला दिसलं कसं नाही? रांगोळीची जागा सोडून कुठंच डाग नव्हते.

गुडघे धरले म्हणून आई सध्या ताईकडे कुरुंद्याला आहे. ती गेल्यापासून नवा डाग एकही नाही.

मघाशी फोन केला, सांगायचंच असं ठरवून. पण तिनंच आधी विचारलं, "डाग वाढले काय रे?"

"न्हाई आई."

"बरं झालं. म्या घासलेलं वाया न्हाई गेलं मंग."

"व्हय," म्हणालो. ब्रश हातातच होता.