बिडी चालते म्हणे, दादा!

प्रिय दिगूदादा,

काल तुझ्या आश्रमशाळेत तुझ्या फोटोला हार घातला. वर्ष झालं ना तुला जाऊन! वहिनी, तुझी स्वाती आणि मी हदगावहून पहाटेच्या बसनं किनवटला गेलो, तिथून जीपनं शाळेत. तुझी पोरं रांगेत बसली होती. मुख्याध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, गणिताचा असा शिक्षक पुन्हा होणे नाही. पण बिडीनं गुरुजींचा घात केला. यातून धडा घ्या."

टाळ्या वाजल्या, दादा. वहिनीनं माझा हात धरून ठेवला होता, नाहीतर तिथंच उठून बोलले असते. पण रात्रभर आतून जळत होते. आज अंगणवाडीतली मुलं घरी गेली आणि तिथंच सतरंजीवर वही घेऊन बसले. निदान तुला तरी सांगते.

धडा? कोणी कोणाला शिकवायचा रे धडा?

बिडी सोडायला तू काय काय केलंस, ते त्या माणसाला माहीत नव्हतं का? माहूरला जाऊन देवीपुढं शपथ घेतलीस. एकोणीस दिवस टिकलास. विसाव्या दिवशी वर्गात खडू फेकून मारलास आणि स्वतःच रडत बाहेर गेलास. मग मेडिकलमधलं ते चघळायचं औषध आणलंस. तुझ्या तोंडाला ते मानवलं नाही, पुन्हा बंडल सुरू. कॉलेजपासूनची बिडी ती, शपथेला थोडीच घाबरणार!

मग तुझा जुना विद्यार्थी हैदराबादहून ते यंत्र घेऊन आला. पेनाएवढं. त्यात बाटलीतलं पाणी भरायचं आणि वाफ ओढायची. मी नाक मुरडलं तेव्हा तू म्हणालास, "मंगे, निकोटिन हाय यात, मी खोटं न्हाई बोलणार. पण धूर न्हाई."

नांदेडच्या डॉक्टरांकडं मीच तुला घेऊन गेले होते. ते काय म्हणाले, मला शब्द न् शब्द आठवतो. "गुरुजी, हे औषध नाही. व्यसन अजून तुमच्या अंगातच आहे. पण धूर थांबला हे बरं झालं. आता हेही हळूहळू उतरवा." आणि तू उतरवायला लागलास! कॅलेंडरच्या मागे कोष्टक आखून, गणिताच्या मास्तरासारखं. पोरांसमोर ते यंत्र कधी काढलं नाहीस. खोलीतल्या कपाटात कुलूप लावून ठेवायचास.

त्या वर्षी माझ्या अंगणवाडीच्या कार्यक्रमाला आलास तेव्हा सगळे फुगे तू एकट्यानं फुगवलेस. आठवतं? एकदाही खोकला नाहीस. मी भिंतीला फुगे लावत होते आणि मागून तुझा खोकला कधी येतो याची वाट बघत होते. तो आलाच नाही. माझे डोळे भरून आले, तू म्हणालास, "काय झालं गं येडे?"

आणि मग त्या यंत्रावर बंदी आली.

बातम्यांत सांगितलं, शाळा-कॉलेजातली पोरं बिघडू नयेत म्हणून. मला पटलंही होतं. पोरांच्या हातात ते पडू नये, हे मी आजही ओरडून सांगेन. पण बिडी? ती चालू. सिगारेट चालू. गुटखा तर आपल्या राज्यात कधीचाच बंद, आणि तुझ्या शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर त्याच्या माळा लटकलेल्या! ज्यानं माणूस मरतो ते दहा पावलांवर, आणि ज्याच्या आधारानं तू त्यातून बाहेर पडत होतास, तेवढंच बंद. हा कुठला न्याय?

तू कसंबसं भागवत राहिलास. हैदराबादच्या गाडीवाल्याकडून चोरून बाटल्या मागवायच्या. कसल्या असायच्या देव जाणे! एकीला जळका वास होता, ती ओढून तुला भोवळ आली होती. उतरवायचं कोष्टक तिथंच अर्धवट राहिलं. डॉक्टरांकडं जायचं तू बंद केलंस. म्हणालास, "आता हे डॉक्टरला तरी कसं दाखवू? चोरीचा माल हाय."

मग तो दिवस. सामानाची तपासणी म्हणून मुख्याध्यापकांनी तुझं कपाट उघडायला लावलं. गालात गुटखा धरून, खिडकीबाहेर थुंकून ते तुला काय म्हणाले, ते तूच मला सांगितलंस. "गुरुजी, बिडी ओढा ना खुशाल. मी कधी बोललो का? बिडी चालते. पण हे बंदीचं हाय, उद्या माझ्यावर यील."

बिडी चालते! आणि काल तेच तोंड म्हणतं, बिडीनं घात केला!

पोलीस आले, यंत्र घेऊन गेले. गुन्हा नोंदला नाही, पण कोणीतरी फोटो काढला होता. 'शिक्षकाच्या खोलीत नशेचं यंत्र.' किनवटहून हदगावला येईपर्यंत त्याचा गांजा झाला आणि लातूरला पोचेपर्यंत ड्रग्ज. स्वातीची सोयरीक लातूरलाच ठरत आली होती ना? मुलाच्या वडिलांचा फोन आला, वहिनीनं स्पीकरवर लावला होता. "आमच्याकडं तंबाखू समदेच खातेत हो ताई. पण नशापाणी आम्हाला चालत न्हाई."

स्वाती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांना कोणी काही बोलू नका."

तुझाही राग आहे मला, दादा. तू शाळेला माफीनामा का लिहून दिलास? एकक लिहायचं राहिलं तर पोरांचा अर्धा मार्क कापणारा तू, आणि 'माझ्या चुकीबद्दल क्षमस्व' लिहून मोकळा झालास! कोणती चूक? एकदा तरी विचारायचंस.

पण मी कोण तुला बोलणारी? आता ते लिहिते, जे वर्षभर कोणालाच सांगितलं नाही.

पोलीस यंत्र घेऊन गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी तुझ्याकडं आले. तुझा डोळ्याला डोळा लागत नव्हता, वहिनीवर तू ओरडून राहिला होतास. मला ते बघवेना. मी म्हणाले, "दादा, बिडीच ओढ. निदान पोलीस तरी यायचे न्हाईत, नोकरी तरी राहील." तू म्हणालास, "कायद्यात बसती ना ती? मग आण."

आणि मी गेले. तंबाखूमुक्त अंगणवाडीचा फलक स्वतःच्या हातानं लावणारी मी, फाटकासमोरच्या टपरीवर गेले आणि तुझ्यासाठी बिडीचं बंडल घेऊन आले. टपरीवाल्यानं काही विचारलं नाही. कोणीच काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तीस वर्षांचा धूर आहे, आजार कधी सुरू झाला कोण सांगणार?" खरंय. वाफेवर राहिला असतास तर वाचला असतास, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. पण तू बाहेर पडत होतास, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुला परत आत ढकललं. एवढं मला माहीत आहे.

आणि ती पोरं, ज्यांच्यासाठी बंदी आली? माझा सुमित लातूरला क्लासला आहे. तो सांगतो, "आई, एक मेसेज टाकला की ते यंत्र आणून देतात. आंब्याच्या वासाचं पण मिळतं." वय कोण विचारतो? चोरीच्या धंद्यात वय विचारायची रीत असते का? पोरांना घरपोच, आणि माझ्या पन्नाशीच्या भावाकडं पोलीस!

काल परतताना जीपमध्ये वहिनी म्हणाली, "आता जाऊ द्या ताई, लोक विसरलेत." स्वाती पुढच्या सीटवरून वळली. "मी न्हाई विसरले, आत्या. अर्ज लिहू. मी लिहिते, तुम्ही सांगा."

तर दादा, वचन देते. येत्या लोकशाही दिनाला स्वाती आणि मी नांदेडला कलेक्टरांसमोर उभ्या राहू. फाटकासमोरची टपरी उठवा, हे मागू. आणि ज्याला सुटत नाही त्याला चोरापेक्षा डॉक्टरच्या हातून काहीतरी मिळू द्या, हेही मागू. ऐकतील? बहुतेक नाही. कारवाई झाली तर माझ्यावरही होईल, नोकरीवर येईल. येऊ दे.

'दीर्घ आजाराने निधन' असं अर्जात लिहिणार नाही. तुझं पूर्ण नाव लिहीन, काय झालं ते सगळं लिहीन. आणि खाली सही करताना नुसतं बहीण म्हणून थांबणार नाही. टपरीवर कोण गेलं होतं, तेही लिहीन.

तुझीच,
मंगल