धरणाच्या वरची वस्ती

१२ जाने., सोम.
लागोपाठ तास. घसा बसला. एम.ए.ला ब्राझीलची कादंबरी संपवली. मोठ्या शहरातली मोलकरीण. मालकाच्या इमारतीत नोकरांची लिफ्ट वेगळी. ती राहते त्या डोंगरावरच्या झोपडपट्टीला मत आहे, पत्ता नाही. वर्ग पेंगलेला. सारिका एकटीच लिहीत होती. कॉलेजच्या सेमिनारला यावरच पेपर वाचणार म्हणते.

१५ जाने., गुरु.
सारिकाचा पेपर पाहिला. शेवटी स्वतःची वस्ती आणलीय. बाप मेंढरं राखतो. वस्तीवरून धरण दिसतं, नळ नाही. मतं मागायला मात्र गाड्या येतात. चांगलं लिहिलंय. पण सेमिनारचे पाहुणे संस्थेचे अध्यक्षसाहेब, आणि गाड्याही त्यांच्याच. मी तासिका तत्त्वावरचा माणूस. पुढच्या वर्षी घेतील, न घेतील...
प्राचार्यांना पेपर दाखवला. म्हणाले, "ब्राझीलचं ब्राझीलमधीच राहू द्या, सर."

१६ जाने., शुक्र.
सारिकाला म्हणालो, शेवटचा परिच्छेद काढ. ती म्हणाली, "सर, कादंबरीतली बाई बोलली तर तुमी दोन-दोन तास शिकवता. मी बोलले तर का चालत न्हाई?"
सांगितलेलं मागं घेतलं नाही, पुन्हा सांगितलंही नाही. घरी येऊन नुसता पडून राहिलो.

२० जाने., मंगळ.
वाचला तिनं. सगळा. तिचा बाप मागं माझ्याशेजारी उभा, खांद्यावर घोंगडी.
साहेब हसत माईकवर आले. "कुणाची लेक हाय ही?"
बापानं हात वर केला. "माझी."
"मग आधी माझ्याकडं का न्हाई आलात?"
टाळ्या. त्या टाळ्यांत बाप म्हणाला, "दोनदा आलतो, साहेब." माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.
प्राचार्य जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

२७ जाने., मंगळ.
सेमिनारपासून सारिका कॉलेजात नाही. आज तिचा बाप आला. खुर्चीवर बसेना, मग हाताला धरून बसवलं. वस्तीवर टँकर आला म्हणे, साहेबांनी धाडलेला.
"लई चांगलं पानी, सर. पर डायवर म्हणला, पोरगी गप राहिली तर रोज यीन."
"सारिका काय म्हणते?"
"ती म्हणली, सरास्नी इचारा."
तासाची घंटा झाली. मी उठलो नाही. तोही.