चार पदरी फडके

भेस्तान, सुरत
रविवार, ता. ११ ऑगस्ट १९९६

ती. सौ. उज्ज्वलाताईस,
धाकट्या लोटूचा शि. सा. न. वि. वि.

मी आणि भटूदाजी खुशाल आहोत. दाजींना मागावर दिवसपाळी मिळाली. माझे साड्यांच्या घड्या घालण्याचे काम चालू आहे.

आता मुख्य गोष्ट. जुन्या चाळीत जुलाबाने तुझा सागर गेला, तेव्हापासून तू सुरतेत पाऊल टाकत नाहीस. दाजी सणासुदीला तिकडे येऊन जातात तेवढेच; एरवी दोन वर्षे आपल्या हाताने भाकरी थापतात. तिच्या आकारावरून मी काही बोलत नाही.

आमच्या चाळीच्या विहिरीवर कॉलेजातल्या हर्षदाबेन संशोधन करतात. त्या सांगतात की पाण्यात सुईच्या टोकाएवढे जीव पोहत असतात आणि पटकीचे जंतू त्यांच्या अंगाला हजारोंनी चिकटून राहतात. म्हणून त्या हे जीव मोजतात. दर रविवारी बाटली भरून ठेवायचे काम माझ्याकडे आहे. इतर विहिरींत बाटलीमागे साठ-सत्तर जीव निघतात. आमच्या विहिरीत चार महिने तीन नाहीतर चारच निघाले. मी सुवाच्य अक्षरात कागद लिहून विहिरीजवळच्या भिंतीवर चिकटवला आहे : पाणी तपासलेले आहे, चांगले आहे.

पोळा झाला की मयुरीला घेऊन निर्धास्त ये. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझा,
लोटू


पारोळा
ता. १८ ऑगस्ट १९९६

चि. लोटूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राखी सोबत आहे. दाजींकडून बांधून घे, पण त्यांना ओवाळणी मागू देऊ नको. मयुरीला दोन दात आलेत आणि माझ्या बोटावर त्यांची परीक्षा चालते. आठवीत शाळा सुटली तरी तुझी मास्तरकी काही सुटली नाही. एक वेलांटी चुकली तर नवा कागद घेत असशील.

सासूबाई रोज म्हणतात, नवरा तिकडे आणि तू इकडे, हे किती दिवस? त्यांच्या म्हणण्यानं मी निघाले नसते. तुझ्या कागदावर माझा भरवसा आहे. तरी एक कर. बाटली कशी भरतोस ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून पाठव. हसू नको. सागरला ते पाणी मी माझ्या हातानं पाजलं होतं. मयुरीला पाजण्याआधी सगळं डोळ्यापुढे दिसायला हवं.

जेवणाची हेळसांड करू नको, आणि आठवण ठेव.

ताई


भेस्तान
रविवार, ता. २५ ऑगस्ट १९९६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

विचारलेस म्हणून क्रमवार लिहितो. सकाळी सहा वाजता बाटली उकळत्या पाण्याने धुतो. बादली विसळतो. पहिली बादली शेंदून ओतून देतो, दुसरी घेतो. मग आईच्या जुन्या सुती लुगड्याचे फडके चार पदरी करून बाटलीच्या तोंडावर धरतो आणि पाणी गाळून

ताई, वाक्य इथेच सोडले आहे.

आई दारी आलेल्या कुणालाही बिनगाळलेले पाणी देत नसे. कॉलेजातल्या बाईंना तरी काडीकचऱ्याचे कसे द्यावे, म्हणून मी पहिल्या दिवसापासून गाळत आलो. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. जे जीव मोजायचे होते, ते मी दर रविवारी फडके झटकून मोरीत टाकत होतो.

माझा कागद वाचून शेजारणींनी गाळणे सोडले. मास्तरने लिहिले आहे ना, म्हणतात. सुभद्राबाईंचा नातू परवापासून जुलाबाने दवाखान्यात आहे, सलाइन चालू आहे. कागद आत्ताच फाडून आलो. लोकांना वाटेल, पावसाने गळून पडला.

तू निघू नकोस. हर्षदाबेनना काय सांगू? त्यांची चार महिन्यांची मेहनत माझ्यामुळे वाया गेली. मला धीर होत नाही.

लोटू


पारोळा
ता. ३० ऑगस्ट १९९६

चि. लोटूस आशीर्वाद.

कागद फाडून कुणाला काय कळलं? बाया अजून तेच पाणी तसंच भरत असतील. आधी सुभद्राबाईंकडे जा, मग घरोघर जा, मग तुझ्या बेनकडे. शिव्या खाव्या लागतील त्या खा. पत्र हातात पडल्यावर चहासुद्धा नंतर घे.

ताई


भेस्तान
रविवार, ता. ८ सप्टेंबर १९९६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

सांगितले. सुभद्राबाईंचा नातू घरी आला आहे, पण मान धरत नाही. त्या एवढेच म्हणाल्या की मला वाचता येत नाही, म्हणून तुझा कागद मी दोनदा वाचून घेतला होता. बाकीच्यांचे बोलणे यापेक्षा सोपे होते. मास्तर नापास झाला, असे पोरे ओरडतात.

हर्षदाबेननी कपाळाला हात लावला. मग स्वतः दोन बाटल्या भरल्या. गाळलेलीत तीन जीव निघाले, बिनगाळलेलीत एकाहत्तर. माझ्यासमोर त्यांनी वहीतल्या चार महिन्यांच्या आकड्यांवर लाल रेघ मारली आणि मग ते फडके मागून घेतले. जुने सुती कापड असे जीव अडवते, यावर आता काम करायचे म्हणतात. पण सुटे जंतू त्यातूनही जातात, म्हणून गाळून वर उकळायचेच, असे मी घरोघर सांगून आलो.

दाजी माझ्याशी बोलत नाहीत. बायको-पोरगी येणार होती ती तुझ्या हुशारीने राहिली, म्हणाले आणि ताटावरून उठले. तूही रागाव. तुझे दोन शब्द आले की बरे वाटेल.

लोटू


पारोळा
ता. १५ सप्टेंबर १९९६

चि. लोटूस,
अनेक आशीर्वाद.

दाजींना वेगळं पत्र घातलंय. ते जेवतील.

सागर गेला तेव्हा चाळमालक म्हणाला, पाणी चांगलं होतं. शेजारी म्हणाले, पाणी चांगलं होतं. तुझे दाजीही तेच म्हणाले. मग उरलं कोण? पाजणारी. दोन वर्षं मी माझ्याच हातांकडे बघत बसले. माझं चुकलं, असं कुणीतरी म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेही तुझ्याकडून.

त्या विहिरीवर मी येत नाही. तुम्ही दोघं दुसरी खोली बघा, वेळ लागू दे. खोली कुणीही पसंत करा. तिथलं पाणी मात्र तू बघ आणि तू लिही. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी मयुरीला गाडीत बसवणार नाही.

जिवाला जप. तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही.

तुझी,
ताई