सब्राला पाच, समाधानाला एक

विश्रांतवाडी, पुणे
१४ जानेवारी १९९२

ती. अब्बांना मेहरुनचा आदबीने सलाम, वि. वि.

अम्मीच्या पाठीच्या जखमा कशा आहेत? मी ठीक, थकलेय एवढंच. एम.एड.च्या प्रबंधासाठी दोनशे विद्यार्थिनींकडून प्रश्नावली भरून घेतली. सब्र म्हणजे सबुरी, शुक्र म्हणजे कृतज्ञता, आणि सचोटी आपल्यात किती, याला जिने तिने पाचपैकी गुण द्यायचे. शेवटी आयुष्यातल्या समाधानालाही. ज्यांच्यात सब्र जास्त, त्या बहुतेक समाधानी निघाल्या. बारा जणींनी मात्र सब्राला पाच आणि समाधानाला एक दिलाय. माझ्या मार्गदर्शक सुनीती मॅडम म्हणाल्या, त्यांना प्रश्न कळला नसेल, ते कागद बाजूला काढ. मी त्यांतल्या एकीला गाठलं. ती म्हणाली, "प्रश्न कळला, बाई. आमच्या घरात सब्र माझ्याच वाट्याला आलाय."

मला आपली हलीमा आठवली. अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटीची दहावी सुटली, माझं कॉलेज नाही. एक कोरी प्रत पाठवतेय. तिला भरू द्या.

माया असू द्यावी.
मेहरुन

फलटण
२ फेब्रुवारी १९९२

चि. मेहरुनला अनेक दुआ.

हलीमाने कागद भरला. न वाचता पाकिटात घालणार होतो, पण मास्तरकी सुटत नाही, तपासला. सब्र पाच, समाधान एक. रागावलीस का, विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "नाही अब्बा. विचारलं म्हणून लिहिलं."

तीन वर्षं तिच्या सब्राचं कौतुक गावभर सांगत फिरलो, बेटा. तिला काही विचारलं नाही.

जुम्म्यानंतर तिला पाठवतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून पुढच्या वर्षी दहावीला बसव. तुझ्या अम्मीचं मी करीन. कूस बदलायला शेजारच्या आनंदीबाई हात लावतात.

तब्येत सांभाळ, लोभ ठेव.
तुझे अब्बा

विश्रांतवाडी, पुणे
२३ फेब्रुवारी १९९२

ती. अब्बांना सलाम.

हलीमा सुखरूप पोचली. पहिले दोन दिवस नुसती झोपली. जेवायला उठवलं की दचकून अम्मीचं औषध शोधायची.

बाराही कागद प्रबंधात ठेवले. निष्कर्ष डळमळेल म्हणून मॅडम नाराज आहेत. डळमळू दे.

तुमची कंबर कशी आहे? खरं लिहा. दर पंधरवड्याला मी येत जाईन. तुलाही घेऊन जाऊ का, असं हलीमाला विचारलं. बराच वेळ ती भूगोलाच्या पुस्तकाची पानं चाळत बसली. मग म्हणाली, "अम्मीची फार आठवण येते, आपा. पण मला इतक्यात नेऊ नकोस."

दोघींवर जीव असू द्या.
तुमची मेहरुन