मावशीला दहापैकी चार

दि. ३ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून झाल्यावर लाल पेनाने तपासलं, सोबत परत पाठवते आहे. रागावू नकोस. परीक्षा महिन्यावर आली, वयात बसणारी ही शेवटचीच, आणि आधी दोन्ही वेळा मी वाक्यशुद्धीतच आपटले. वाक्यातलं सर्वनाम कुणाचं, तेच मला कळत नाही. क्लासचे सर म्हणतात, हाती पडेल तो कागद तपासा.

तू लिहितेस, ‘शिंप्याचं आणि त्याच्या भावाचं वाजलं, त्याने त्याची कात्री फेकली, ती त्याच्या पायावर पडली, आता तो त्याच्याशी बोलत नाही.’ मावशी, कात्री कुणाची आणि पाय कुणाचा? दहापैकी चार गुण दिलेत, त्यातला एक अक्षराचा. पुढचं पत्र लवकर पाठव, सराव हवा आहे.

गुण कमी पडले म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी टिटवी

दि. ९ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद, या खेपेला मोजून.

पाकीट फोडलं तर आत माझंच पत्र, रक्तबंबाळ. लाँड्रीत गिऱ्हाईक उभं होतं, तेही वाचून हसलं. अगं, कात्री नेहमी धाकटाच फेकतो, हे गल्लीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. तुला कसं कळणार, इकडे फिरकायला नको. दुपट्यात होतीस तेव्हापासून तुझे कपडे धुतले, आणि तू माझी पत्रं धुतेस.

तुझी आई म्हणते, पोरीला मदत कर. करते. यापुढे माझ्या पत्रात एकही सर्वनाम सापडायचं नाही. तपासत बैस.

लोभाचं काय ते पुढचे गुण बघून ठरवीन.

मावशी

दि. २० मार्च

टिटवीस मावशीचा आशीर्वाद.

मावशी बरी आहे. लाँड्री बरी आहे. गिऱ्हाइकाचा कोट काढायला मावशी शिंप्याच्या दुकानातून आणलेल्या स्टुलावर चढली. स्टूल मोडलं. मावशी पडली. मावशीचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मावशीचं पत्र शिंप्याचा धाकटा भाऊ लिहीत आहे. शिंप्याच्या धाकट्या भावाचं म्हणणं, मावशी टिटवीची फार आठवण काढते. आठवण काढल्याचं मावशीला आठवत नाही. टिटवीने परीक्षा सोडून येऊ नये. टिटवी आल्यास मावशी टिटवीला इस्त्री करील.

चूक आढळल्यास कळवावे.

टिटवीची मावशी

दि. ३० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

दहापैकी दहा. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. इतकं बिनचूक पत्र मला नको गं. मला तुझं जुनंच हवं, ज्यात सगळी गल्ली एकमेकांच्या पायात पाय घालून पडते.

काल पेपर दिला. तुझीच तऱ्हा वापरली. जिथे ‘तो’ दिसला तिथे नाव बसवून पाहिलं. दोन नावं बसली की समजायचं, कात्री कुणाची ते कळत नाही. एकही वाक्य सोडलं नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल, मी पुढच्या सोमवारी येते आहे. लाल पेन इथेच ठेवून येईन, शपथ.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी टिटवी

दि. ३ एप्रिल, डाव्या हाताने

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, न मोजता.

ये. पण पेन घेऊन ये. माझ्या प्लास्टरवर अख्ख्या गल्लीने काहीबाही लिहून ठेवलंय. धाकट्याने लिहिलंय, ‘ती लवकर बरी होवो.’ त्याखाली थोरल्याने, ‘त्याच्यामुळे ती पडली.’ आता स्टूल त्याचं होतं की त्याचं, यावरून त्यांचं पुन्हा वाजलंय.

मी कुणालाही खोडू दिलेलं नाही, तुझ्यासाठी राखून ठेवलंय. प्लास्टर निघायला अजून पंधरा दिवस आहेत. सावकाश तपास.

लोभ दहापैकी अकरा.

मावशी